अंगणातील अभयदान



पर्युषण पर्व जवळ आले की प्रतिक्रमणाची पुस्तके कपाटातून बाहेर निघतात. संवत्सरीच्या दिवशी आपण व्रतांचे अतिचार एकामागून एक आठवतो आणि त्यांची क्षमा मागतो. पहिल्या, म्हणजे अहिंसा अणुव्रताचे अतिचार पाच आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. जिवाला बांधून वा कोंडून ठेवणे, त्याला मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. जवळजवळ पन्नास वर्षे मी ही नावे उच्चारीत आलो. त्यांतला पहिला शब्द आपल्याच परिचितांच्या पोर्चमध्ये साखळीच्या रूपाने लोंबकळत आहे, हे मात्र परवापरवापर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते.

ते ध्यानी आले एका दुःखद प्रसंगाने. आमच्या एका आप्तांचा बंगला गंगापूर रस्त्याच्या पलीकडे, शहर संपून मळे सुरू होतात तेथे आहे. त्यांनी राखणीसाठी कुत्रा पाळला होता. जातिवंत नव्हता, पण जीव लावणारा होता. दिवसा तो घरात वावरे आणि रात्री फाटकाजवळ साखळीला बांधला जाई. दोन हिवाळ्यांपूर्वी एका पहाटे साखळी जागेवर होती, गळ्यातला पट्टा तुटलेला होता आणि ओल्या मातीत बिबट्याची पावले उमटली होती. समाचाराला गेलो तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, मोकळा असता तर निदान पळाला तरी असता. मी त्याला राखणीला ठेवला असे समजत होतो. प्रत्यक्षात बिबट्यापुढे वाढून ठेवला होता."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

नाशिककरांना बिबट्या नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रस्त्यावरील सावरकरनगरात बिबट्या शिरला आणि त्याने काही जणांना जखमी केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको आणि गोविंदनगर अशा भर वस्तीतून एकाच दिवशी दोन बिबटे पकडावे लागले. उसाच्या फडात वाढलेल्या या प्राण्याला आपली वस्ती परकी वाटत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यात असे आढळले की, त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. म्हणजे आपण ज्याला राखणदार मानतो, तोच बिबट्याचे मुख्य अन्न आहे.

कायदाही या बाबतीत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे आणि कुत्र्याला फिरविण्याची हयगय करून सतत बांधून ठेवणे हे अपराध आहेत. संसदेने १९६० मध्ये जे लिहिले, त्याचे मूळ आपल्या अतिचारांच्या यादीत कित्येक शतके आधीपासून होते. मात्र यादी पाठ असणे आणि ती पाळणे यांत अंतर राहते. माझ्या जुन्या व्यवसायातही खातेपुस्तक व्यवस्थित असलेली, पण तिजोरी रिकामी असलेली माणसे मी पाहिली आहेत.

साखळी काढायची तर तिच्या जागी काय, हा प्रश्न आमच्या घरातही लवकरच उभा राहिला. नातवाने पावसात भिजलेले मांजरीचे पिल्लू उचलून आणले. माझ्या थोरल्या वहिनी वयाने ऐंशीच्या पुढे आहेत आणि आजही दोन्ही वेळा सामायिक करतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मांजर म्हणजे शिकारी जीव. त्याला पोसणे हे असतीपोषण नव्हे का?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते, आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त त्याचा अर्थ सांगताना मांजर आणि कुत्रा यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पण तेथे निषेध आहे तो धनासाठी केलेल्या पोषणाचा. पिल्ले पैदा करून विकणे हा त्यातला दोष होय. म्हणून जातिवंत पिल्लू हजारो रुपये मोजून विकत घेणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. पण दाराशी आलेल्या अनाथ जिवाला आश्रय देणे हे त्या व्याख्येत बसत नाही. अर्थात वहिनींच्या शंकेचा दुसरा भाग उरतोच. मांजर मोकळे सोडले तर ते चिमण्या, खारी, सरडे मारणार. त्या हिंसेचा वाटा पोसणाऱ्याच्या खात्यावर पडणार नाही, असे मी कसे म्हणू? आणि कोंडून ठेवले तर बंध.

या पेचातून निघण्याचा मार्ग म्हणजे घरालगतचे बंदिस्त, तरी मोकळे अंगण. कल्पना परदेशी वाटली तरी तशी नाही. सराफ बाजारातील आणि पंचवटीतील जुने वाडे आठवा. चारही बाजूंनी खोल्या आणि मध्ये आकाशाला उघडा चौक. ऊन, वारा, पाऊस घरात येई, पण रस्ता घरात येत नसे. त्या चौकात लहान मुले आणि मांजरे सारखीच निर्धास्त असत. आपल्याला तोच चौक आता जाळीने उभारावयाचा आहे.

आमच्या घरामागे दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी जागा पडून होती. ती निवडण्याचे कारण इतकेच की, स्वयंपाकघराचे दार तेथेच उघडते. जागा घराला चिकटून असावी. दूर कोपऱ्यातली जागा लवकरच विसरली जाते. लोखंडी अँगलचा सांगाडा करून त्यावर एक इंच चौकोनाची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी बसविली. कुंपणाची विणलेली जाळी स्वस्त पडते. पण तिच्या मोठ्या भोकांतून पिल्लू निसटते किंवा मान अडकते. नाशिकच्या मळ्यांत नाग आणि घोणस दोन्ही आहेत, म्हणून खालच्या अडीच फुटांत पाव इंचाची बारीक जाळी दुहेरी लावली आणि ती जमिनीत वीतभर गाडली. साप दिसलाच तर काठी न उचलता सर्पमित्राला बोलवावे. भगवान पार्श्वनाथांची कथा सांगणाऱ्या समाजाला याहून अधिक काही सांगावयास नको.

वर छत हवेच. मांजर सहा फुटांची भिंत सहज चढते आणि बिबट्याला ती अडथळाच वाटत नाही. वरच्या जाळीचा आणखी एक उपयोग आहे. संक्रांतीच्या दिवसांत तुटलेला मांजा अंगणात पडत नाही. मांजराला दोऱ्याशी खेळण्याची ओढ असते आणि गिळलेला दोरा त्याचे आतडे कापू शकतो. दाराला दुसरे दार जोडून मध्ये छोटी मोकळी जागा ठेवावी. बँकेच्या तिजोरीघराला दोन दारे असतात, त्यामागचा हेतूच येथे आहे : एक बंद झाल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही.

परंतु येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. ही जाळी दिवसासाठी आहे. तिन्हीसांजेला कुत्रा असो वा मांजर, त्याला घरात घेऊन दार लावावे. मळ्यालगत राहणाऱ्यांनी तर कोणत्याही जाळीवर रात्रीचा विश्वास टाकू नये. कुत्र्याचा उरलेला अन्नाचा थाळाही बाहेर ठेवू नये. त्यावर भटकी कुत्री आणि डुकरे येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

आता जमिनीचा विचार. शहाबादी फरशी एप्रिलच्या दुपारी इतकी तापते की तळहात टेकवत नाही. हीच परीक्षा करावी : पालथा हात सात सेकंद ठेवता आला नाही, तर तेथे पंजेही भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो, म्हणून उष्माघात त्याला लवकर होतो. आम्ही अर्धी जागा मातीची ठेवली, अर्ध्या जागेवर फरशी घातली आणि पश्चिमेच्या उन्हाला हिरवी जाळी लावली. फरशीला दहा फुटांमागे दोन इंच उतार दिला, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी साचत नाही. हिवाळ्यासाठी जमिनीपासून चार बोटे उंच अशी लाकडी पेटी आणि तीत जुने गोणपाट. निफाडकडचा गारठा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे महत्त्व कळेल. मांजरासाठी भिंतीला वेगवेगळ्या उंचीच्या तीन फळ्या ठोकल्या. त्याला लांबीरुंदीपेक्षा उंची प्रिय असते.

झाडांच्या बाबतीत आपण फार बेसावध असतो. कण्हेर हृदयाला घातक आहे. सायकसच्या बिया कुत्र्याचे यकृत निकामी करतात. डायफेनबाखियाने तोंड आणि घसा भाजतो. लिलियम जातीच्या लिलीचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. आणि आपल्या नाशिकला विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट : द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात. किती खाल्ल्याने बाधेल याचा नेम नसतो. म्हणून अंगणातल्या मांडवावर द्राक्षाचा वेल चढविला असेल तर त्याखाली कुत्र्याची जागा करू नये, आणि मनुकांचा व्यापार असलेल्या घरांनी पोती बंद ठेवावीत. कांदा-लसणाने कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. ते आपल्या पुष्कळ घरांत शिजतच नाहीत, हे या मुक्या जिवांचे भाग्यच म्हणावे. तुळस आणि गवती चहा मात्र खुशाल लावावीत. एवढेच की मांजराला गवती चहाची पाती फार कुरतडू देऊ नयेत. अंगण धुताना फिनेल वापरू नये, कारण त्यातील फिनॉल मांजराचे शरीर पचवू शकत नाही. पंजे चाटताना ते पोटात जाते.

सर्वांत अवघड प्रश्न गोचिडांचा. कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड रक्त शोषतात आणि जीवघेणा ताप देतात. त्यांना मारावे तर त्रस जीवांची हिंसा. माझ्यापाशी याचे परिपूर्ण उत्तर नाही. पण आपल्या परंपरेत जयणा नावाचा शब्द आहे. हिंसेचा प्रसंगच कमीत कमी येईल अशी आधीपासूनची दक्षता, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. गवत आखूड ठेवणे, भिंतीच्या भेगा लिंपणे, अंथरूण कडक उन्हात वाळविणे, कुत्र्याला रोज विंचरणे आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध वेळेवर देणे ही जयणाच होय. आज केलेली हयगय उद्या शेकडो जिवांची हिंसा मागते. पाण्याचेही तसेच. कुंडे रोज रिकामे करून घासावे. साचलेल्या पाण्यात अळ्या होऊ द्यावयाच्या आणि मग ते फेकावयाचे, यात दुहेरी दोष आहे. रेबीजची लस मात्र वादापलीकडची आहे. तिसऱ्या महिन्यात पहिली, नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. हा रोग एकदा प्रकट झाला की माणूस काय नि कुत्रा काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. नसबंदीही करून घ्यावी. छविच्छेद म्हणून काहींना ती खटकते, पण रस्त्यावर मरणाऱ्या पिल्लांची संख्या पाहता मला तीत करुणाच अधिक दिसते. मतभेद असल्यास गुरुमहाराजांना विचारावे.

सदनिकेत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. गॅलरीला वरपर्यंत पक्की जाळी आणि आत दोन फळ्या, एवढ्यानेही मांजराचे जग मोठे होते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकते, म्हणून धातूची जाळी बसवावी. चौथ्या मजल्यावरून मांजर पडत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे.

आमचा एकूण खर्च मजुरीसह सुमारे ३८,००० रुपये आला. ज्या साखळीमुळे आमच्या आप्तांचा कुत्रा गेला, तिची किंमत दोनशे रुपये असेल. कोणता व्यवहार स्वस्त पडला, याचा ताळेबंद वाचकांनीच मांडावा. ज्यांच्याकडे जागा वा सवड नाही, त्यांनी प्राणी पाळण्याचा हट्ट न धरता पांजरापोळीला आपला वाटा द्यावा. तेही पोषणच आहे.

भगवान नेमिनाथांची वरात आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लग्नाच्या मेजवानीसाठी वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ मागे वळविला. तोही वाडाच होता, आणि आपण जाळी लावून उभारतो तोही वाडाच. आतल्या जिवाला तेथे भय वाटते की अभय, एवढाच फरक दोहोंत आहे, आणि तो फरक रोज राखावा लागतो.

वहिनी अजूनही मांजराला हात लावीत नाहीत. पण सकाळी सामायिक आटोपले की गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन त्या मागच्या दाराशी जातात आणि कुंडे स्वतःच्या हाताने भरतात. दुसऱ्या कोणाला ते काम त्या करू देत नाहीत. यंदा संवत्सरीला पहिल्या व्रताच्या अतिचारांपाशी येताना मी अंमळ थांबणार आहे. ज्या वाचकांच्या दारी साखळी असेल, त्यांनीही थांबावे, अशी विनंती. लिहिण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.