धुराचा हिशेब आणि सातबारा

कृष्णाकाठी ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटते. तो धूर सर्वांना दिसतो. उसाला टाकलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साईड मात्र कोणाला दिसत नाही. पृथ्वी तापविण्यात हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट भारी आहे. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. त्यातील 1 टक्का नत्र या वायूच्या रूपाने हवेत जाते, असे आयपीसीसीचे ढोबळ गणित धरले, तरी हेक्टरी 1.7 टन कार्बन डायऑक्साईडइतका भार होतो. उलट माण, खटाव, जत, आटपाडीत जिथे कालव्याचे पाणी पोचलेले नाही, तिथल्या कोरडवाहू बाजरीला नत्र फार थोडे लागते.

आता माती, पाणी, खत आणि नांगरट यांची माहिती भरून गावोगावच्या जमिनीचा असा हिशेब संगणकावर मांडता येतो. हे शास्त्र आम्हाला हवेच आहे. आमचा प्रश्न त्यावर उभ्या राहणाऱ्या व्यवहाराचा आहे. कार्बन क्रेडिट मिळते ते पूर्वीपेक्षा केलेल्या बदलाबद्दल. म्हणजे काल पाचट जाळणाऱ्या बागायतदाराने आज ते कुजवले, तर तो पैशाला पात्र! ज्याच्याकडे जाळायलाच काही नव्हते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काय? आणि उन्हात पाचट पसरणाऱ्या मजूर बाईचे नाव तर सातबाऱ्यावरच नाही.

दुसरा धोका गायरानाचा. नकाशावर गायरान मोकळे दिसते. तिथे झाडे लावली की कार्बन शोषला गेल्याची नोंद होईल. पण त्या तुकड्यावर पोट भरणारे भूमिहीन कुटुंब हिशेबात 'अतिक्रमण' ठरेल. 14 एप्रिल 1990 पूर्वीची दलित-आदिवासींची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश देतानाही सर्वोच्च न्यायालयाने भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. निकालाचा पहिला भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा आपणच दाखवावा लागतो.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले, की शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही; त्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण पाहावे लागते. कार्बनच्या हिशेबालाही हीच कसोटी लावा. कमी धूर करणाऱ्याला आजच मोबदला द्या, मजुराचा वाटा करारात लिहा आणि गायरानावर खड्डा मारण्याआधी तिथल्या वहिवाटीची नोंद करा.

कार्यकर्त्यांनो, असा प्रस्ताव ग्रामसभेत आला तर टाळ्या वाजवण्याआधी गट नंबर विचारा. वतनाच्या जमिनी कागदावरून कशा निसटल्या, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे.