चर खणायचा तर मापाने, आणि साऱ्या शिवाराचा



पऱ्हाटी पाण्यात उभी राहून मेली की पंचनाम्याला सरकारी माणूस येतो. ती मरू नये म्हणून मात्र कोणी येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने हेच पाहिले. नदीच्या पुरापुढे कोणाचा चर टिकत नाही, हे खरे. पण नदीपासून लांब, आपल्याच धुऱ्याआड तुंबलेल्या पाण्याने जे पीक जाते, त्याचे काय?

हिशेब मांडा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की दफ्तरी अतिवृष्टी लागते. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी. भारी काळी जमीन कोरडी असताना भेगांतून पाणी पिते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि जिरणे जवळजवळ थांबते. पाणी वर उभे राहते, मुळांना हवा मिळत नाही. लांबलेल्या उघडिपीनंतर असे झाले की बोंडे धरलेली पऱ्हाटी पाहता पाहता माना टाकते. पुस्तकात याला आकस्मिक मर म्हणतात. यात बुरशी नाही, जंतू नाही, झाड गुदमरते. दवा नंतरची, निचरा आधीचा.

'कोरडवाहूला निचरा कशाला?'

हा प्रश्न कचेरीतले साहेब विचारतात. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यापासून आजवर योजनांचा सारा भर पाणी अडवण्यावर. हलक्या आणि मध्यम जमिनीत ते योग्यच होते. पण खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधांच्या पाठीमागे पाणी तुंबले, बांध भेगाळले, फुटले. हे कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले जात होते, आणि बाहेर पडल्यावर तेच बांध घालायला लावले जात होते. पाटणचेरूच्या इक्रिसॅटने १९७० च्या दशकातच काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी, जास्तीच्या पाण्याला गवती वाट आणि शेवटी तळे, अशी सगळी साखळी दाखवली होती. आपल्यापर्यंत त्यातले वरंबा पाडायचे यंत्र आले. पाण्याची वाट आलीच नाही.

रब्बी ज्वारीवाल्यांनी घाबरू नये. कमी पावसाच्या पट्ट्यात ज्वारीसाठी कप्पे पाडून ओल मुरवणे बरोबरच आहे. तिथे आणि माळाच्या मुरमाड रानात चर काढूच नका. हे सांगणे आहे ते खरिपाच्या चोपणावजा खोलगट रानासाठी, जिथे वरच्या दहा शेतांचे पाणी येऊन बसते. चर उभे पाणी नेतो. मातीच्या कणांनी धरलेली ओल चराने जात नाही.

तासाचे भाडे कोणाच्या फायद्याचे?

मग शेतकरी काय करतो? स्वतःच्या खिशातून छोटी पोकलेन आणतो. मशीन चांगले आहे. तीन ते पाच टनांचे, चेनवर चालणारे, दीड फुटी बकेटचे. सात-आठ टनांच्या चाकांच्या जेसीबीपेक्षा ते जमीन कमी दाबते. खोट मशीनमध्ये नाही. ती भाड्याच्या रीतीत आहे.

भाडे तासावर. ऑपरेटर बांधावर विचारतो, "काका, कुठून खणू?" आणि काका हाताने हवेत रेघ दाखवतात. चर वाकडा गेला, परत खणला, मीटर चालू. शेजारी भांडायला आला, इंजिन धडधडत राहिले, मीटर चालू. चुकीचा सारा भार शेतकऱ्यावर आणि तासाची कमाई मशीनमालकाची! ऑपरेटरला दोष देऊ नका. तो कोणाचा तरी पगारी पोरगा आहे. त्याला उतार सांगायचे काम आपले.

कोणी म्हणेल, फुटावर ठरवू. त्यातही मेख आहे. तीन फूट खोल, दीड फूट रुंद, सरळ भिंतीचा चर १०० फुटांत ४.५ ब्रास होतो. तोच तळाशी दीड आणि वर साडेसात फूट, उतरत्या काठांचा केला तर १३.५ ब्रास. फुटाचा दर स्वस्त वाटतो, कारण काम तिसरा हिस्सा असते. काळ्या मातीची सरळ भिंत पहिल्या झडीत ढासळते आणि चर बुजतो. म्हणून दर ब्रासवर ठरवा. लाकडी पट्ट्यांचा साचा करा, दर १०० फुटांवर चरात उतरवा, बसला तरच माप धरा.

जमीन जाते, हे खरे. एकराच्या एका बाजूने असा चर काढला तर शेकडा साडेतीन जमीन जाते. दोघांच्या धुऱ्यावर काढला तर प्रत्येकी पावणेदोन. दरसाल बुडणारे पीक यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

मशीन उतरण्याआधी

पाणी कुठे सोडायचे ते ठरल्याशिवाय बकेटचा दात मातीला लागू देऊ नका. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या; १०० फुटांना तीन-चार इंच उतार पुरे, जास्त दिला तर चराचा ओढा होतो. खणणे नाल्याकडून सुरू करून वर या. माती वरच्या काठावर टाकू नका, पाणी आत यायचे थांबते. काम वेचणी आटोपल्यावर, मृगाआधी करा. ओल्या रानात मशीन लावू नका. डिझेल कोणाचे, आणण्या-नेण्याचे भाडे किती, बिघाडाचा वेळ कोणाचा, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. वरच्या वीजतारा आणि खालच्या पाइपलाइनी आधी दाखवा. बकेटच्या फेऱ्यात पोरांना येऊ देऊ नका.

आणि एकट्याने चर काढू नका. एकट्याचा चर म्हणजे आपले पाणी शेजाऱ्याच्या उरावर. त्यातूनच धुऱ्याची भांडणे होतात आणि दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढू शकतो; सहा महिन्यांच्या आत दावा लावा. पण कायदा अडथळा काढतो. शिवाराचा चर तो काढून देत नाही.

तो आपणच काढायचा. खालच्या शेतापासून वरच्या शेतापर्यंतच्या खातेदारांनी बसावे, नाल्यापर्यंतची एक रेघ आखावी, एकच मशीन सलग लावावे. आणण्या-नेण्याचे भाडे वाटले जाते, मशीन रिकामे उभे राहत नाही, मालकही दर उतरवतो. खर्च एकराच्या प्रमाणात वाटा. खालच्याची जमीन जास्त जाते, त्याला सूट द्या. जमले तर चराच्या टोकाला शेततळे घ्या. श्रावणातले नकोसे पाणी भाद्रपदाच्या उघडिपीत कामाला येते.

सरकारकडे मागणी एकच: नुकसानभरपाईत पैसा जातो, त्याचा काही वाटा निचऱ्याच्या शिवार-आराखड्याला द्या. माप ग्रामसभेत वाचले जावे, मशीन कोणाचे लावायचे ते आम्ही ठरवू.

मागणी मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. या बैठकीतून परत जाल तेव्हा पाणी कुठे तुंबते ती शेते गावच्या नकाशावर खुणावून काढा. खुणा जुळल्या की रेघ आपोआप दिसेल.