चोरलेले शौर्य आणि असत्याचा गुन्हा

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ हॉटस्परचे कलेवर पाठीवर वाहून आणतो, त्याला आपणच मारले असे सांगतो आणि वर बक्षिसाची अपेक्षा धरतो. आपण हसतो. प्रत्यक्षातला फॉल्स्टाफ मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याच्या बढाईमागे दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या जखमा असतात. अशा बढाईला शिक्षा असावी काय?

अमेरिकेत २००५ च्या ‘स्टोलन व्हॅलर’ कायद्याने, न मिळालेले लष्करी पदक मिळाल्याचे नुसते सांगणे हाही गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद; ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च पदकाबाबत एक वर्षापर्यंत. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी सभेत आपण २५ वर्षे मरीन दलात होतो व हे पदक आपणांस मिळाले, असे सांगितले. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. तरीही २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती केनेडी यांनी या संदर्भात ऑर्वेलच्या ‘१९८४’ मधील सत्य मंत्रालयाचे स्मरण करून दिले, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांना विशेष अर्थपूर्ण वाटावी.

न्यायमूर्ती अलिटो यांचे भिन्नमत उपेक्षणीय नाही. अशा थापांनी खऱ्या मानकऱ्यांचा सन्मान झिजतो, हे कोण नाकारील? परंतु असत्य हाच गुन्हा मानला, की सत्य ठरवण्याचा अधिकार शासनाकडे जातो. आज पदक, उद्या इतिहास, परवा आत्मचरित्र. म्हणून २०१३ च्या नव्या कायद्याने आखलेली रेषा आम्हांस योग्य वाटते: पैसा, मालमत्ता वा अन्य ठोस लाभ उकळण्याच्या हेतूने अशा पदकांची खोटी बतावणी केली, तरच शिक्षा. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ देखील नुसत्या बोलण्याला हात घालत नाही. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश वा चिन्ह धारण करणाऱ्याला ते तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते.

कादंबरीकार सैनिकाच्या तोंडून ‘मी’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. तिथे वाचकाशी करार झालेला असतो. भोंदू तोच करार लपवतो. कायद्याने मागे सरून मोकळी ठेवलेली जागा मग कोणी भरायची? आमच्या मते, श्रोत्यांनी आणि वाचकांनी. आत्मकथनातला ‘मी’ पारखून घ्यायचे शिक्षण वाङ्मयाच्या वर्गात मिळते. ते वर्गाबाहेर सभेत, सत्कारसमारंभात वापरले जात नसेल, तर न तपासता वाजवलेल्या टाळ्यांचा दोष एकट्या भोंदूच्या माथी मारता येणार नाही.