बार झाल्यावर पुढे काय?

एके काळी दिवाळी अंकात एखादी शिकारकथा हमखास असे. मचाण, अंधारी रात्र, पाचोळ्याची चाहूल आणि मग धाडकन बार! नारायण पेठेतल्या ज्या वाड्यांत चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर राही, तिथेही ही कथा मोठ्या चवीने वाचली जाई. पण बार झाला की कथा संपे. पुढे ते जनावर सोलले कोणी, शिजवले कसे, हे लेखक क्वचितच सांगे.

ते सांगितले एका राजाने. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मृगयेचे वर्णन आहे, तसे अन्नभोगाचेही. रानडुकराचे केस कसे काढावेत, मांस निखाऱ्यावर कसे भाजावे, हे महाराजांनी एखाद्या सुगरणीच्या बारकाईने लिहून ठेवले आहे!

बारकाई हवीच होती. पाळलेला बोकड बसून खातो; ससा आणि हरीण जन्मभर धावतात. म्हणून त्यांच्या मांसात चरबी थोडी आणि चिवटपणा फार. ते दह्यात किंवा कच्च्या पपईत मुरवायचे, वरून तूप सोडायचे आणि मंद आचेवर धीराने शिजवायचे. रानडुकराच्या मांसात तर कृमी असू शकतात. ते कच्चे राहिले तर दुखणे मागे लागते.

पुढे काळ पालटला. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुण्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी तर बंदूक ठेवून वही आणि पेन्सिल घेतली. तीच प्राणी पाहणारी नजर पुढे ‘सत्तांतर’मध्ये उतरली.

पण हे सारे इतिहासजमा झाले असे समजू नका. दिवाळीच्या सुट्टीत कुणाच्या शेतघरावर जावे, तर एखादे भावजी हळूच कानाशी येतात, “वहिनी, आज ससा मिळालाय बरं का! कुठं बोलू नका.” पाहुणे म्हणून गेलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. तरी म्हणावेच. शिकार करणे जसा गुन्हा, तसे ते मांस जवळ बाळगणेही. डुकरांनी रात्रीत पीक लोळवले तर शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि त्यावर रीतसर परवानगीचा मार्गही आहे. पण त्या परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारजमा होते, ताटात येत नाही. शिवाय शेजारी बसलेले आपले पोर विचारते, “आई, कुठं बोलू नका म्हणजे काय?” त्याला आपण काय उत्तर देणार?

चवीची हौस असेल तर ती बंदुकीवाचून भागते. राजस्थानातल्या शिकारी मुक्कामांवर ‘जंगली मांस’ नावाचा पदार्थ होई. रानात मसाल्याचे डबे कोण नेणार? तूप, मिरची, मीठ, पाणी, एवढ्यावर काम. आता तो बोकडाच्या मांसाचा करतात. एक किलो हाडासकट मटण घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात दीडशे ग्रॅम तुपावर ते परतावे. दहा-बारा सुक्या लाल मिरच्या आणि मीठ घालावे. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे आणि गरम पाण्याचा हबका थोडा थोडा मारीत राहावे. दीडेक तासात मांस हाडापासून सुटू लागते. शेवटी पाणी आटवून तूप वर आले की झाले. हळद नाही, खोबरे नाही, गरम मसाला नाही.

भावजींनाही आवर्जून बोलवा. मात्र वाड्यात राहत असाल तर आधी खिडक्या लावून घ्या. हा वास लपत नाही!