हायड्रोजनची बस कोणासाठी?

मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस-ट्रकना आणि ९ इंधन केंद्रांना मंजुरी दिली. त्यासाठी सुमारे २०८ कोटींचे साहाय्य ठरले. मार्गांच्या यादीत आपला पुणे-मुंबई मार्गही आहे. पैसा जनतेचा आहे. तेव्हा हे वाहन कसे चालते आणि कोणासाठी चालणार, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.

या ३७ पैकी १५ वाहने फ्युएल सेलवर चालणारी आहेत. उरलेल्या २२ वाहनांच्या इंजिनात हायड्रोजन जाळला जातो. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज तयार होते; धुराऐवजी पाणी आणि वाफ बाहेर पडते. पण हा सेल संथ प्रकृतीचा. बोरघाट चढताना एकदम जादा ताकद मागितली की त्याच्यावर ताण येतो, त्याचे आयुष्य घटते. म्हणून जोडीला बॅटरी असते. चढावर ती जोर लावते. उतारावर ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती साठवून घेते. कोणी किती भार उचलायचा, हे नियंत्रक क्षणाक्षणाला ठरवतो. बॅटरी पार रिती होऊ द्यायची नाही, सेल वारंवार चालू-बंद करायचा नाही, हायड्रोजन कमीत कमी खर्च करायचा, हे त्याचे नियम.

यंत्राला लावलेली ही शिस्त धोरणाला का नको? पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यापासून सेलमध्ये पुन्हा वीज करून ती चाकापर्यंत नेईतो मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर दोन तृतीयांशाहून अधिक चाकाला मिळते. म्हणजे शहरातल्या बसला बॅटरी पुरेशी आहे. हायड्रोजन लांब पल्ल्याच्या, जड वाहनांसाठीच राखला पाहिजे. शिवाय नैसर्गिक वायूपासून काढलेल्या एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०२३ च्या सरकारी मानकात हरित हायड्रोजनची मर्यादा २ किलो आहे. टाकीत कोणता हायड्रोजन भरला जातो, हे कोण तपासणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषय त्यांच्याच खात्यात होता. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले. उद्याचे इंधन हा त्याच कोटीतला विषय आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद १९,७४४ कोटींची आहे. एवढा सार्वजनिक पैसा ओतून इंधनाची मालकी मूठभरांकडे जाणार असेल, तर यात जनतेचा वाटा कोणता?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो, अनुदान म्हणजे खैरात नव्हे. त्याला अटी घालता येतात. लांब पल्ल्याच्या एसटीला प्राधान्य द्या. दर किलोमीटरचा इंधनखर्च आणि वाहन बंद पडल्याचे तास जाहीर करा. डेपोतल्या डिझेल मेकॅनिकला नव्या यंत्राचे प्रशिक्षण द्या. त्याला घरी बसवू नका. नव्या इंधनाचा बोजा तिकिटावर टाकू नका.

या अटी करारात लिहिल्या आहेत का? माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि कागद मागा. कागदावर नसलेला हक्क पुढे कोर्टात सिद्ध करणे फार अवघड जाते.