सध्या काय वाचता?

१५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेर एक फलक लागला. शीर्षक होते ‘सध्या वाचत आहे’, आणि प्राध्यापकांनी आपापल्या नावापुढे पुस्तकाचे नाव लिहायचे, अशी योजना होती. आम्ही मराठीचे चार अध्यापक. आम्ही लिहिलेली नावे अर्थातच भारदस्त होती : ‘हिंदू’, ‘रणांगण’, ‘स्मृतिचित्रे’ आणि एक समीक्षाग्रंथ, ज्याचे नाव येथे न देणेच बरे.

वस्तुस्थिती अशी की, त्या आठवड्यात आम्ही चौघेही उत्तरपत्रिका वाचत होतो. ‘रणांगण’ आणि ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासक्रमात असल्याने कधीकाळी वाचून झालेली. समीक्षाग्रंथाची पाने अजून एकमेकांना चिकटलेली. ‘हिंदू’ मात्र आमच्यापैकी एकाने २०१० साली, प्रसिद्ध होताच विकत घेतली होती. एवढ्या वर्षांत ते चाळिसाव्या पानाच्या पुढे सरकले नव्हते.

एके दिवशी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी फलकापाशी थांबला आणि त्यांना म्हणाला, “सर, मीपण तीच वाचतोय. तुम्ही मोरगावला पोहोचलात का?”

खंडेराव मोहेंजोदडोचे उत्खनन सोडून, वडिलांच्या आजारपणाची बातमी मिळाल्यावर ज्या गावी परततो, ते हे मोरगाव. आमचे सहकारी मोहेंजोदडोतच होते. “अजून नाही,” असे ते म्हणाले खरे. पण ते ज्या आवाजात म्हणाले, तो आम्हा सर्वांना परिचित आहे. विद्यार्थ्याला उत्तरात काही गैर वाटले नाही. त्याला फक्त बोलायला सोबती हवा होता, आणि तो त्याला आमच्याकडे मिळाला नाही. हे आम्हाला लागले.

अर्धवट वाचनाची आपल्याला एवढी लाज का वाटावी? आम्हाला वाटते, याचे मूळ पोथीत आहे. सात दिवसांचे पारायण आरंभिले की ते पुरे झालेच पाहिजे, खंड पडला तर दोष लागतो, हा संस्कार घरातून आलेला. पोथीपुरता तो योग्यच. पण कादंबरीलाही आपण तोच नियम लावला. परिणामी पुस्तक ‘झाले’ असेल तरच त्याविषयी बोलायचे, झाले नसेल तर झाल्यासारखे बोलायचे. गोविंद तळवलकरांनी आपल्या पुस्तकांवरील लेखनाला ‘वाचता वाचता’ असे नाव दिले होते. त्या नावातला चालू काळ आम्ही विसरलो. (आणि ‘स्मृतिचित्रे’ तरी कोठे पुरे आहे? १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, शेवटचा भाग चिरंजीवांना पुरा करावा लागला. लिहिणारीला जी मुभा काळाने दिली, ती वाचणाऱ्याने स्वतःला का नाकारावी?)

‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाला नुसते ग्रंथनाम हे आम्हाला आता उत्तरच वाटत नाही. ते प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखे आहे. खरे उत्तर म्हणजे कितव्या पानावर आहात, कोठे अडलात, का अडलात. ज्याने पुस्तक बाजूला ठेवले, त्याने का ठेवले, हेही आम्हाला ऐकायचे आहे. किंबहुना, पुष्कळदा तेच अधिक ऐकण्याजोगे असते.

म्हणून आम्ही फलकावर एक रकाना वाढवला : पान क्रमांक. प्राचार्यांना तो पोरकट वाटला. समीक्षाग्रंथ दुसऱ्याच दिवशी फलकावरून नाहीसा झाला. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी, ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, स्वतःहून खाली ‘बाबूराव अर्नाळकर, पान ८८’ असे लिहिले. संपूर्ण फलकावर आमचा विश्वास बसला तो प्रथम या नोंदीवर.

‘हिंदू’पुढे सध्या ६१ हा आकडा आहे. गेल्या आठवड्यात ५४ होता.