स्टॅटिक फाइलींसाठी एन्जिनएक्स हवाच का?

जँगोचं अ‍ॅप्लिकेशन प्रॉडक्शनवर चढवताना डीबग बंद केलं की अ‍ॅडमिनचं पान उघडंबोडकं दिसतं: सीएसएस गायब, नुसती निळ्या लिंकांची रांग. रनसर्व्हर इतके दिवस जे काम गुपचूप करत होता, ते आता कोणीच करत नाही. त्यावर 'डीबग चालूच ठेवा' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नये. एक एरर आली की कोडच्या ओळी आणि व्हेरिएबल्सच्या किमती परक्यासमोर उघड्या पडतात.

दुसरा सल्ला मात्र प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा: पायथॉनने फाइली द्यायच्याच नसतात, एन्जिनएक्स लावा. एन्जिनएक्स वेगवान आहे, यात वाद नाही. पण फाइल किती झटपट दिली यापेक्षा ती किती वेळा मागितली जाते, याला जास्त महत्त्व आहे. मॅनिफेस्ट स्टोरेज लावून कलेक्टस्टॅटिक चालवलं की फाइलीच्या नावात तिच्याच मजकुरावरून काढलेला बारा अक्षरी हॅश येतो. मजकूर बदलला की नाव बदलतं. म्हणूनच पायथॉनमधून स्टॅटिक फाइली देणारं व्हाइटनॉइज हे पॅकेज ब्राउझरला बेधडक सांगू शकतं, ही फाइल दहा वर्षं ठेव, पुन्हा विचारू नकोस. पुढे सीडीएन असेल, तर पायथॉनपर्यंत मागणी क्वचितच पोचते. उलट एन्जिनएक्स दिमाखात उभा, पण नावांत हॅश नाही, आणि प्रत्येक रिलीजनंतर ग्राहकाला फोनवर 'कंट्रोल एफ-फाइव्ह दाबा' म्हणून सांगणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत.

सुरक्षेचा मुद्दाही उलटाच पडतो. व्हाइटनॉइज सुरू होतानाच फाइलींची यादी करतं आणि यादीबाहेरचं काही देत नाही. एन्जिनएक्समध्ये एलियासच्या शेवटी तिरकी रेघ दिली आणि लोकेशनच्या शेवटी विसरली, तर पत्त्यात 'स्टॅटिक'ला दोन टिंबं चिकटवून कोणीही एक फोल्डर वर चढतो, आणि तिथे बहुधा आपला कोडच असतो.

याच यादीमुळे वापरकर्त्यांनी अपलोड केलेले फोटो व्हाइटनॉइजला दिसत नाहीत. ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येच ठेवावेत. मोठे व्हिडिओही तिथेच. आणि संथ मोबाइल नेटवर गनिकॉर्नचा वर्कर अडकून पडतो, हा आक्षेप तर शंभर टक्के खरा. पण तो जँगोच्या प्रत्येक पानाला लागू आहे. त्यासाठी पुढे बफर करणारा प्रॉक्सी जरूर ठेवा. सीएसएस त्याच्या हवाली करण्याचं कारण त्यातून निघत नाही.